झाकणाखालची पट्टी

काकांनी मला दोन वर्षं फसवलं, आणि कुळगावच्या डॉक्टरांनी त्यांना साथ दिली. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी काकांबद्दल चांगलं लिहायला लागेन, तेव्हा कोणी असं समजू नये की मी विसरलो. मी विसरत नाही. उल्हासनगरच्या बाजारात ज्याने मला खोटा माल दिला, त्याच्या दुकानासमोर उभा राहून मी चारचौघांत त्याची आरती ओवाळली आहे. काका तेवढे सुटले, कारण मला कळलं तेव्हा ते गेलेले होते.

काका म्हणजे ईसीजीवाले काका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या दवाखान्यात विचारा, याच नावाने ओळखतील. हृदयाची रेघ कागदावर काढणारी ती पेटीसारखी मशीन्स त्या काळात डॉक्टरांकडे नव्यानेच येत होती आणि ती बिघडली की मुंबईच्या कंपनीकडून काका यायचे. उंच, सडपातळ, पांढरा हाफ शर्ट, खिशाला टेस्टर, हातात खाकी कॅनव्हासची बॅग. आज माझ्या दुकानातली पोरं डिग्री घेऊन येतात, गळ्यात बायोमेडिकल इंजिनिअरचं ओळखपत्र घालून फिरतात. काकांकडे डिग्री नव्हती. ते बदलापूर गावातल्या शेतकरी घरातले. मॅट्रिकनंतर अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात गेज आणि मीटर दुरुस्त करायला लागले. कारखाना बंद पडला तेव्हा मुंबईच्या या कंपनीत मेकॅनिक म्हणून चिकटले. पुढे कंपनीने सगळ्यांना नवी व्हिजिटिंग कार्डं छापून दिली, त्यावर नावाखाली ‘फील्ड इंजिनिअर’. काकांनी घरी बसून, पट्टी लावून, प्रत्येक कार्डावरचं ‘इंजिनिअर’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘मेकॅनिक’ लिहिलं. कंपनीच्या साहेबाने झापलं. काका म्हणाले, "साहेब, खोटं लेबल लावलेला पार्ट मी परत पाठवतो. मग मला स्वतःला कसं लावू?"

असा माणूस. म्हणूनच राग येतो.

आमची ओळख भांडणातून झाली. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचला टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं टेबल टाकलं होतं. आयटीआय झालेला, वय चोवीस, डोक्यात हवा. शेजारच्या डॉक्टरांच्या ईसीजी मशीनची रेघ केसाळ यायची, म्हणजे बारीक स्वच्छ रेघेऐवजी सुरवंटासारखी जाड. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी प्लग उघडला, अर्थिंगची वायर काढून टाकली, आणि रेघ सुधारली. त्या बिल्डिंगचं अर्थिंगच सडलेलं होतं, वायर काढल्यावर बाहेरचा कचरा मशीनमध्ये यायचा थांबला, एवढंच. मला वाटलं, मी कंपनीच्या वरताण निघालो.

आठ दिवसांनी काका माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हातात तोच प्लग.

"हे तू केलंस?"

मी म्हटलं, "हो. रेघ बघितली का? एकदम क्लीन."

"बघितली. चल."

त्यांनी मला दवाखान्यात नेलं, पेशंटच्या पलंगाकडे बोट दाखवलं आणि शर्ट काढून झोपायला सांगितलं. मनगटांना, घोट्यांना मशीनचे चिमटे लावले. मग प्लग माझ्या डोळ्यांसमोर धरून शांतपणे समजावलं की आत कुठे वायर सुटली आणि करंट पेटीला आला, तर या तिसऱ्या वायरवाटे तो जमिनीत जातो. ती वायर नसली तर त्याला वाट उरते ती चिमट्यांतून, छातीतून. एवढं सांगून त्यांनी प्लग भिंतीच्या बोर्डाकडे नेला. मी ताडकन उठून बसलो.

"घाबरलास? पेशंट घाबरत नाही, कारण त्याला ठाऊक नसतं. तुला आता ठाऊक झालं." मग माझे चिमटे सोडवत म्हणाले, "ज्या मशीनला तू स्वतःचं अंग देणार नाहीस, ते दुसऱ्याच्या अंगाला लावू नकोस."

मला एवढा राग आला होता की दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना शोधत अंबरनाथला गेलो आणि म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, "शिकवतो. पण तोंड कमी वापर." ते काही मला जमलं नाही.

पुढे कंपनीने या भागातलं सर्व्हिसचं काम माझ्या नावावर दिलं. काका कंपनीचे, मी एजंट, पण फिरायचो जोडीने. त्यांची काम करायची एक पद्धत होती आणि त्यात काडीचाही बदल चालत नसे. दवाखान्यात शिरायच्या आधी ते बिल्डिंगच्या मागे जायचे, अर्थिंगचा खड्डा शोधायचे आणि त्यात बादलीभर पाणी ओतायचे. जमीन कोरडी पडली की अर्थिंग मरतं, हे खरंच आहे. पण काका ते भर पावसाळ्यातही करायचे. कंपाउंडर हसायचे. एका सिंधी डॉक्टरीणबाईंनी तर विचारलं होतं, "काका, ये आपका कौनसा देव है?" काका म्हणाले, "बाई, याला प्यायला दिलं की मशीन खोटं बोलत नाही."

मग मशीन उघडायचं, दुरुस्त करायचं, बंद करायचं. मग स्वतः पलंगावर झोपायचं आणि स्वतःच्या हृदयाची पट्टी काढायची. ती पट्टी, तारीख, बिघाड काय होता ते पेन्सिलने लिहून, एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि मशीनच्या तळाच्या झाकणाला आतून चिकटवायची. पट्टी गरमीने काळवंडते, म्हणून रेघ काढणाऱ्या तापत्या सुईपासून लांबच्या कोपऱ्यात. मशीन पुन्हा उघडलं की आधी जुनी पट्टी बघायची, मागच्या वेळी रेघ कशी होती ते कळतं. झाकण फक्त मेकॅनिक उघडतो, त्यामुळे डॉक्टरांना या पिशव्या ठाऊकही नव्हत्या. मी एकदा हिशेब लावला होता. कॅम्प एकपासून बदलापूर गावापर्यंत जेवढी मशीन्स, तेवढ्यांच्या झाकणाखाली काकांचं काळीज होतं.

बाजारात मात्र त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षा. छातीला लावायचे रबरी बल्ब उल्हासनगरात बनायचे, मुंबईच्या निम्म्या भावात. कॅम्प दोनच्या एका सिंधी दुकानदाराकडे, साईंकडे, मी अर्धा तास झगडलो, दोनदा उठून पायऱ्या उतरलो, दोनदा त्याने हाक मारून परत बोलावलं. सौदा माझ्या आकड्यावर आला. तेवढ्यात काकांनी एक बल्ब दाबून बघितला, दुसरा दाबून बघितला आणि म्हणाले, "साईं, रबर तुझं बेश्ट आहे. मुंबईपेक्षा चांगलं."

साईं माझ्याकडे वळला. "सुना? अब मेरा पहलेवाला भाव."

बाहेर आल्यावर मी रस्त्यात ओरडलो. काका ऐकून घेत चालले होते. मग म्हणाले, "शेट, तू भांडतोस चांगलं. तुझ्यासमोर समोरचा माणूस थकतो आणि हो म्हणतो. हा गुण आहे. पण दर वेळी बल्बसाठी वापरू नकोस, कधीतरी लागेल." तेव्हापासून मला ते शेटच म्हणायचे. त्यात टोमणा होता आणि मला तो आवडायचा.

कुळगावच्या डॉक्टरांचं आणि त्यांचं वेगळंच होतं. दोघं एका वयाचे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली किराणा दुकान. दुपारी पेशंट नसताना काका तिथे जाऊन बसायचे, ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंटरी लावायचे. जूनच्या सुरुवातीला घरच्या झाडाची जांभळं पळसाच्या पानात बांधून आणायचे, आणि दोघं म्हातारे जांभळ्या जिभा करून बसायचे. मशीन ठीक असलं तरी काकांची तिथे चक्कर असायचीच. मी म्हणायचो, कंपनी याचा प्रवासभत्ता देणार नाही. काका म्हणायचे, "मागतंय कोण?"

फिरणं हाच त्यांचा प्राण होता. एकदा स्कूटरवरून पडून पाय मोडला, तेव्हा कंपनीने त्यांना सहा महिने मुंबईच्या स्टोअरमध्ये बसवलं होतं. त्या दिवसांबद्दल ते एवढंच सांगायचे, "खोकी मोजली." आणि वर एक वाक्य असायचं, "वापरातलं मशीन बिघडतं, कपाटातलं सडतं."

आता फसवणुकीकडे येतो.

मे महिना होता. अंबरनाथला एका दवाखान्यात मशीन दुरुस्त झालं, मी चिमटे पुसून ठेवले, आणि काका पलंगावर झोपायच्या ऐवजी बाजूला सरकून म्हणाले, "शेट, आज तू झोप."

मी विचारलं का. तर म्हणे, बल्बने छातीवरचे केस ओढले जातात, आता सहन होत नाही. शिवाय तुझं काळीज तरुण आहे, सुई कशी उडी मारते बघ. मी झोपलो. पट्टी निघाली, त्यांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. "सुरेख आहे," म्हणाले. मला खोटं कशाला बोलू, छाती फुगली. वाटलं, म्हाताऱ्याने आज मला आपल्या बरोबरीचा मानला.

त्या दिवसापासून प्रत्येक झाकणाखाली माझी पट्टी जाऊ लागली. ज्याने मला तो नियम शिकवला, त्याने स्वतः तो मोडला, आणि मी तो मान समजून घेतला.

हळूहळू बॅगही माझ्याकडे आली. मग जिने चढताना काका प्रत्येक मजल्यावर थांबायला लागले. जिन्यातल्या मीटरच्या फळीसमोर उभे राहायचे, फ्यूज मोजायचे, वायरी बघायचे, कुणाचा मीटर जोरात फिरतोय ते सांगायचे. मी वर पोचून, घामाघूम, त्यांची वाट बघत बसायचो. एकदा उल्हासनगरला तिसऱ्या मजल्यावर माझा तोल गेला. कंपाउंडर, दोन पेशंट, सगळ्यांसमोर मी बोललो, "काका, तुम्हाला आता साहेब व्हायचंय. स्वतः फ्यूज मोजत या आणि मला हमाल करा. कार्डावरचं इंजिनिअर खोडता कशाला मग?"

ते शेवटच्या पायरीवर कठड्याला धरून उभे होते. लगेच बोलले नाहीत. मला वाटलं, शरमले. मग म्हणाले, "हो रे. तेवढं कर माझं."

हे वाक्य मी त्या दिवशी जिंकल्यासारखं घरी नेलं होतं.

आणि कुळगावला गेलो की ठरलेलं. मशीन टेबलावर ठेवलं की काका म्हणायचे, "शेट, अर्थिंगला पाणी घालून ये." तिथला खड्डा बिल्डिंगच्या मागे, विहिरीपलीकडे. विहिरीतून पाणी शेंदायचं, दोन बादल्या नेऊन ओतायच्या, पंधरा मिनिटं सहज जायची. परत येईपर्यंत दोघं ट्रान्झिस्टर लावून बसलेले असायचे, काका शर्टाची बटणं लावत असायचे. मी एकदा विचारलं होतं, बटणं का उघडी. डॉक्टर म्हणाले, "उकडतंय हो." खरंच उकडत होतं.

दोन वर्षांनी, एका सकाळी, काका घरामागच्या जांभळीखाली बसले आणि तिथेच गेले. चहाचा कप बाजूला होता, सांडलेला नव्हता. मी खांदा दिला. डॉक्टरही आले होते. कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, मित्र गेला, माणूस गप्प होणारच.

दिवाळीनंतर कुळगावच्या मशीनची रेघ केसाळ यायला लागली म्हणून निरोप आला. मी एकटाच गेलो. सवयीने आधी विहिरीवर जाऊन पाणी घातलं. मग वर येऊन चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं.

नवी पिशवी एकही असायला नको होती, कारण त्या मशीनचं काम दोन वर्षांत निघालंच नव्हतं. होत्या नऊ. नऊही पट्ट्यांवर पेन्सिलने काकांच्या अक्षरात तारखा. बिघाडाच्या जागी प्रत्येकीवर ‘मशीन ठीक’ एवढंच. पहिली पट्टी त्याच मे महिन्यातली, अंबरनाथला मला झोपवलं त्याच्या चार दिवस आधीची. तिच्या मागे शाईने डॉक्टरांचं अक्षर. डॉक्टरांचं अक्षर मला कधी लागत नाही, पण दोन शब्द लागले. एक ‘मुंबई’, आणि एक ‘तातडीने’.

मी नऊ पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. मी दहा वर्षं पट्ट्या बघत होतो. रेघ बारीक आहे का, स्वच्छ आहे का, सुई अडखळते का, एवढंच बघायला शिकलो होतो. आकाराकडे बघणं हे डॉक्टरचं काम. त्या मे महिन्याच्या आदल्या महिन्यातही काकांची एक पट्टी मी कॅम्प चारला हातात धरली होती आणि म्हटलं होतं, "एकदम क्लीन." काका हसून म्हणाले होते, "क्लीन आहे ना? मग झालं." आता त्या नऊ एकाखाली एक ठेवल्यावर माझ्यासारख्यालाही दिसलं. रेघ सगळ्यांची स्वच्छ होती. फक्त प्रत्येक उडीनंतर ती जिथे वर यायला हवी तिथे खाली बसत चालली होती. पट्टीगणिक थोडी थोडी.

बाहेर पेशंट होते. मी दरवाजा लावून घेतला.

डॉक्टरांनी पट्ट्या बघितल्या आणि चष्मा काढला. म्हणाले, ऑपरेशन सांगितलं होतं, ते तयार नव्हते. कंपनीला कळलं तर पुन्हा स्टोअरमध्ये बसवतील, खोकी मोजायला लावतील, हीच भीती. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर पट्टी काढायची, एवढं काकांनी कबूल केलं होतं.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती त्यांनी. पेशंटची गोष्ट डॉक्टर बाहेर सांगत नाही."

मी म्हटलं, "पेशंट होते ना? मग तुमच्या पेशंटला तुम्ही दर तीन महिन्यांनी दोन मजले चढायला लावत होता?"

ते चष्मा पुसत राहिले. मी आवाज चढवला, कंपाउंडरने दार वाजवलं, मी त्याच्यावरही ओरडलो. शेवटी डॉक्टर हळूच म्हणाले, "मी त्यांना म्हटलं होतं तुम्हाला सांगा म्हणून. ते म्हणाले, शेटला नाही. त्याला कळलं तर तो भांडून भांडून मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवील."

डॉक्टरांना वाटलं असेल, हे ऐकून मी शांत होईन.

मला आयुष्यात एकच गोष्ट येते. समोरचा हो म्हणेपर्यंत मी उठत नाही. बल्बसाठी अर्धा अर्धा तास बसलो आहे, म्युनिसिपालिटीच्या साहेबाच्या दारात तीन दिवस बसलो आहे. काकांच्या अंगणात मी तीन महिने बसलो असतो. कंपनीच्या मालकाला मुंबईत जाऊन गाठलं असतं, त्याच्याकडून लिहून घेतलं असतं की ऑपरेशननंतर या माणसाला फील्डवरच ठेवीन. कदाचित हरलो असतो. पण मला बसू तर द्यायचं. कधीतरी लागेल, असं त्यांनीच सांगितलं होतं. ते लागलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातात बादली दिली.

काकांना मी माफ केलेलं नाही, पण त्यांच्यावर ओरडायची सोय नाही. शिवाय त्यांचं एक मला कळतं. ज्यांना कळू द्यायचं नव्हतं त्यांच्यापासून त्यांनी सगळं लपवलं, पण मशीनपासून नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक खरी पट्टी झाकणाखाली गेली. हे झाकण पुन्हा उघडेल तर मीच उघडेन, हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

ते मशीन आता माझ्या दुकानात आहे. नवं मशीन देऊन मी ते डॉक्टरांकडून घेतलं आणि त्या एका सौद्यात मी भाव केला नाही. नऊ पट्ट्यांपैकी तीन पार फिक्या पडल्या आहेत.

डॉक्टरसाहेब, तुम्ही अजून कुळगावला त्याच खुर्चीत बसता. रस्त्यात दिसलात की मान खाली घालता. शपथेचं मला सांगू नका, ते ऐकून झालं. नऊ वेळा मी खाली विहिरीवर होतो. नऊ वेळा तुम्ही खिडकीतून मला पाणी शेंदताना बघितलंत. एक हाक मारली असती तर मी बादली टाकून वर आलो असतो. नऊपैकी एकदाही ती हाक का मारली नाहीत, याचं उत्तर मला हवं आहे. मी वाट बघू शकतो. उत्तर मिळेपर्यंत मी उठत नाही, हे काकांनी तुम्हाला सांगितलंच असेल.